देवलांवरचा रंगमंचीय कार्यक्रम: प्रकल्प नोंदी

17 जून

तीन दिवसांपूर्वी, 14 जूनला, नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचा स्मृतिदिन झाला. संध्याकाळी मंडळाची बैठक बसली आणि गेली दोन वर्षं नुसतं बोलण्यात असलेलं काम अखेर ठरलं. 13 नोव्हेंबर, म्हणजे देवलांचा जन्मदिवस, सांगली, भावे नाट्यमंदिर. अडीच तासांचा कार्यक्रम, मध्यंतर धरून. लेखन-दिग्दर्शन माझ्याकडे.

आजच्या बैठकीत एकाच गोष्टीवर खल झाला: नाट्यसंगीताची मैफल करायची की नाटक. मैफल सोपी. चार गायक, मागे ऑर्गन-तबला, मधे निवेदिका, आणि पंधरा-वीस गाजलेली पदं. अशा मैफली आपण सगळेच ऐकतो आणि आवडीनं ऐकतो. पण देवलांच्या बाबतीत तेवढ्यानं भागत नाही, असं माझं ठाम मत आहे. त्यांचं पद म्हणजे पात्राचं पुढचं वाक्य असतं. आधीचं गद्य काढून घेतलं, तर चाल उरते, आवाज उरतो आणि बोलणारं माणूस नाहीसं होतं. म्हणून एकही पद त्याच्या प्रवेशावाचून होणार नाही. पदं कमी झाली तरी चालतील.

हे मान्य व्हायला चहाचे दोन राऊंड लागले. ऑर्गनवाले काका गप्प बसून ऐकत होते, शेवटी म्हणाले, “अगं, मग मला गद्यातही जागं राहावं लागणार.” ते तयार झाले म्हणजे अर्धं काम झालं.

24 जून

सातही नाटकांच्या संहिता जमवल्या. दुर्गा, मृच्छकटिक, विक्रमोर्वशीय, झुंझारराव, शापसंभ्रम, शारदा, संशयकल्लोळ. देवल 1916 साली गेले, त्यामुळे त्यांच्या लेखनावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही. संहितेत काटछाट करताना परवानगीचा प्रश्न येत नाही, फक्त आपल्या जबाबदारीचा येतो.

एकत्र मांडून बघितल्यावर जे माहीत होतं तेच नव्यानं जाणवलं. सातांपैकी स्वतंत्र नाटक एकच, शारदा. मृच्छकटिक शूद्रकाचं, विक्रमोर्वशीय कालिदासाचं, शापसंभ्रमाची गोष्ट बाणभट्टाच्या संस्कृत ‘कादंबरी’तली. दुर्गा आणि झुंझारराव इंग्रजीतून आलेले. झुंझारराव म्हणजे शेक्सपिअरचा ऑथेल्लो. संशयकल्लोळाचा प्रवास तर सर्वांत लांबचा: मोलियरचं 1660 चं फ्रेंच प्रहसन, त्यावरून आर्थर मर्फीचं 1761 चं इंग्रजी नाटक, त्यावरून देवलांचा 1893 चा गद्य ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’, आणि त्यात पदं घालून 1916 चं संगीत संशयकल्लोळ. पण नाटक वाचताना कुठं परक्या घरात आल्यासारखं वाटतं का? फाल्गुनराव आणि कृत्तिका आपल्या वाड्यातलेच. पात्रांना महिने आणि नक्षत्रं यांची नावं देऊन त्यांनी सगळं गाव पंचांगातून उभं केलं: फाल्गुनराव, कृत्तिका, आश्विनशेठ, रेवती, भादव्या, वैशाखशेठ, मघा.

ही नावांची यादी निवेदनात घ्यायची. प्रेक्षक हसतील, आणि देवलांचं डोकं कसं चालायचं ते न सांगता कळेल.

2 जुलै

कार्यक्रमाचा सांगाडा असा:

पूर्वार्धात बेळगाव आणि किर्लोस्कर. देवल बेळगावला शिकले, तिथेच त्यांना अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवास मिळाला. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात किर्लोस्करांचं शाकुंतल झालं आणि मराठी संगीत नाटकाची घडी बसली. 1882 मध्ये सौभद्र आलं. देवल किर्लोस्करांच्या नाटक मंडळीत होते, तालीम देत होते. 2 नोव्हेंबर 1885 ला किर्लोस्कर गेले, तेव्हा देवल तिशीचे. पुढच्याच वर्षी त्यांचं पहिलं नाटक, दुर्गा, आलं. गुरू गेल्यावर वर्षाच्या आत शिष्यानं लिहायला घेतलं आणि लिहिलं ते संगीत नाटक नव्हे, गद्य शोकांतिका. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सौभद्राची चव प्रेक्षकांच्या तोंडात ताजी असताना त्यांनी पदं बाजूला ठेवली.

म्हणून पूर्वार्धात झुंझाररावचा एक प्रवेश पूर्ण घ्यायचा. गीतकाराच्या कार्यक्रमात पंधरा मिनिटं एकही गाणं नाही. गाणं कुठं नको हे ज्याला कळतं, त्याचंच गाणं योग्य जागी पडतं.

मध्यंतरानंतर शारदा आणि संशयकल्लोळ. मृच्छकटिकातली दोन पदं पूर्वार्धात. विक्रमोर्वशीय आणि शापसंभ्रमाचा निवेदनात उल्लेख, एवढंच. सातही नाटकांना समान वेळ देण्याचा आग्रह एकानं धरला होता, तो मी मानला नाही.

9 जुलै

हरिपूरला जाऊन आलो. शारदा करणारी मुलगी आणि त्याच नाटकातला नायक कोदंड करणारा मुलगा दोघंही पुण्याकडचे, त्यांनी गाव बघितलंच नव्हतं. चिंचेच्या झाडांखालून जाणारा रस्ता, पुढं संगमेश्वराचं देऊळ आणि खाली कृष्णा-वारणेचा संगम. पाणी चढायला लागलं होतं, गढूळ आणि जोरकस. इथल्याच पारावर बसून देवलांनी शारदा लिहिलं असं गावात सांगतात. नाटकातलं ‘जय कृष्णातटवासा’ हे पद तिथं उभं राहून म्हटलं की ते कुठल्या पाण्याकडे बघून लिहिलंय हे कळायला टीप लागत नाही.

येताना हळदीच्या पेवांची जागा दाखवली. जमिनीखाली खोल खड्डे, त्यात वर्षानुवर्षं हळद साठवायची. 2005 च्या महापुरात त्यांचं फार नुकसान झालं. हा विषय कार्यक्रमाचा नाही, पण मुलांना कळू दे की शारदेचा बाप कांचनभट आणि त्याच्याभोवतीचा पैसा हवेत नव्हता. बाजारपेठेच्या शेजारचं गाव आहे हे. मुलीच्या बापाला स्थळाच्या श्रीमंतीची भुरळ पडते ती अशा गावात, जिथं श्रीमंती रोज डोळ्यांसमोरून बैलगाडीत जाते.

नेपथ्याचं तिथंच ठरलं: रंगमंचावर एक पार. दुसरं काही नाही. त्याच पारावर मृच्छकटिकातला चारुदत्त बसेल, त्याच्यावरून झुंझारराव उतरेल, त्याच्या आडोशाला कृत्तिका लपून बघेल.

21 जुलै

वाचन संपलं, आता चाली. जुन्या छापील संहितेत प्रत्येक पदावर चालीचा आणि तालाचा उल्लेख असतो. देवलांच्या काळात पदं बहुतेक आधीच्या प्रचलित चालींवर बांधलेली असत: कानडी पदं, लावण्या, कीर्तनातल्या चाली. शिवाय साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत ही ठरलेली वृत्तं. आपण आज जे ऐकतो ते पुढच्या पिढ्यांतल्या गायकांनी विस्तारलेलं रूप. बालगंधर्वांनी, त्यांच्यानंतरच्या मंडळींनी या पदांना जे दिलं त्याचं मोल मी कमी करत नाही. पण छापलेलं पद बघा: चार-सहा ओळी. रात्र उजाडेपर्यंत प्रयोग चालायचे ते वन्समोअरमुळे आणि विस्तारामुळे. लेखणी मात्र आखूड होती.

ठरलं ते असं: साकी-दिंडी जशी आहे तशी, एकदाच, बोलण्याच्या लयीत. पदांना जास्तीत जास्त चार मिनिटं. तान येईल ती भावनेची गरज म्हणून, आणि ती तालमीत ठरलेली असेल.

कोदंड करणारा मुलगा चांगला शिकलेला आहे, गुरूकडे बसून ख्याल गातो. त्याला हे जड जाणार. त्याचा रियाज वाया जात नाही हे त्याला पटवून द्यावं लागेल: एक ओळ सरळ, सुरात, अर्थ न सांडता म्हणायला तेवढाच रियाज लागतो.

4 ऑगस्ट

पट्टीचा, म्हणजे कुणी कुठल्या मूळ सुरात गायचं याचा, प्रश्न आज दिवसभर. शारदेची पट्टी काळी पाच, कोदंडाची काळी एक, फाल्गुनरावाला पदं नाहीत म्हणून तो सुटला, आश्विनशेठ पांढरी एक. ही नाटकं लिहिली गेली तेव्हा स्त्रीपात्रंही पुरुषच करायचे, भाऊराव कोल्हटकर, पुढं बालगंधर्व. नायक-नायिकेच्या पट्टीत आजच्याएवढं अंतर नव्हतं. आता एका पात्राचं पद संपून दुसऱ्याचं सुरू झालं की तबला बदलावा लागतो. तबलजी तीन तबले घेऊन बसणार. ते लावलेले टिकायला हवेत आणि पावसाळ्यात पुडी उतरते.

इथं देवलांचं गद्य कामाला आलं. दोन पदांच्या मधे त्यांनी जवळजवळ सगळीकडे पुरेसं संभाषण ठेवलंय. आम्ही कात्री लावलेल्या जागी तबलजीला वेळ मिळेना. कापलेली वाक्यं परत घातली की मिळतो. काकांनी वहीत लिहून घेतलं: कुठल्या वाक्याला पट्टी बदलायची, कुठल्या वाक्याला सूर धरायचा.

13 ऑगस्ट

तालीम बंद. कृष्णा वाढली आहे, आयर्विन पुलाच्या पाणीपातळीवर सगळ्या गावाचे डोळे आहेत. गावभागातल्या दोन कलाकारांच्या घरचं सामान वर चढवायला सगळे गेलो. ऑर्गन तालमीच्या खोलीतून दुसऱ्या मजल्यावर नेला. पायपेटी म्हणजे चौघांचं ओझं.

30 ऑगस्ट

पाणी उतरलं, तालीम सुरू. दमटपणानं ऑर्गनच्या दोन पट्ट्या अडकत होत्या, मिरजेच्या कारागिरानं येऊन भाता आणि रीड साफ करून दिली. तंबोरे आणि पेट्या यांसाठी मिरजेसारखं शेजारगाव असणं हे आमचं भाग्यच.

आज शारदेचं ‘मूर्तिमंत भीती उभी’ उभं राहिलं. या एका पदावर संपूर्ण संध्याकाळ गेली, ती इथं नीट नोंदवते.

मुलीचा आवाज सुंदर आहे. पहिल्यांदा तिनं म्हटलं तेव्हा खोलीतले सगळे खूश. मी सोडून. पारावर ती बसली होती, गद्याचं शेवटचं वाक्य संपलं, ऑर्गननं सूर दिला, तिनं मान वर केली, पदर सावरला, डावा हात कानाजवळ नेला आणि गायला लागली. त्या पदर सावरण्यात शारदा गेली आणि गायिका आली.

मग काकांना विनंती केली की सूर वाक्यानंतर नको, वाक्यातच द्या. शेवटच्या तीन शब्दांखाली हळूच भाता दाबा. मुलीला सांगितलं की वाक्य संपवायचंच नाही. त्याच श्वासात पद. म्हणजे ‘मूर्तिमंत’ हा शब्द गाण्यातला पहिला नव्हे, बोलण्यातला पुढचा. तिनं विचारलं, “ताई, मग श्वास कुठं घेऊ?” म्हटलं, भ्यालेली माणसं घेतात तिथं. ‘भीती’च्या आधी. ती थांबली, पुन्हा केलं, आणि त्या तुटलेल्या जागेवर तबलजीनं हात उचलला. त्यानं ठेका धरलाच नाही दुसऱ्या ओळीपर्यंत. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

चौदा वर्षांची मुलगी, पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणार आहे, आणि तिच्याशी कुणी खरं बोलत नाही. तिच्या समोर उभ्या राहिलेल्या भीतीला आपण टाळ्या मागायच्या नाहीत. हे ठरलं ते ठरलं.

14 सप्टेंबर

गणपतीची सुट्टी संपली. ‘म्हातारा इतुका न’ बसवलं. मैत्रिणी चेष्टा करतात आणि शारदा ऐकते. पाऊणशे वयमान म्हणजे काही फार नाही, लग्नाला अजून लहानच! मग एकेक अवयव. दातांचं ठाणं उठलं, कान फुटले. ‘दंताजीचें ठाणे’, म्हणजे दातांना सरदार करून टाकलंय, आणि तो फौज घेऊन निघून गेला. मराठेशाहीच्या आठवणी ज्या घरांत अजून ताज्या होत्या, तिथं या ओळीला काय हशा पिकला असेल!

पण आम्ही बघायचं ते शारदेकडे. मैत्रिणी गात असताना ती काय करते? पहिल्या कडव्यात हसते. दुसऱ्यात हसायचं थांबते. शेवटी ती त्यांना थांबवायला उठते आणि त्या तिच्याभोवती फेर धरतात. प्रकाशयोजना करणाऱ्यानं इथं रंगीत दिवे सुचवले होते. नकोत. साधा उजेड, दुपारचा.

29 सप्टेंबर

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवली. नाटकांचे उतारे जुने असले तरी जोडनिवेदन नवीन, म्हणून प्रमाणपत्र हवं.

निवेदनावर शेवटचा हात फिरवताना एक मजकूर काढला. 1929 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा शारदा नाटकामुळे झाला, असं आपल्याकडे अनेक भाषणांत ऐकू येतं. तो कायदा हरबिलास सारडा यांच्या नावानं ओळखला जातो, त्यांच्या आडनावाचा नाटकाशी संबंध नाही. शारदेचं श्रेय त्यावाचूनही पुरेसं मोठं आहे. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात केवढं रण माजलं होतं. त्यानंतर आठच वर्षांत, 1899 साली इंदूरला किर्लोस्कर मंडळीनं हे नाटक केलं आणि जे सभांमधून लोक ऐकून घेत नव्हते ते तिकीट काढून ऐकायला लागले. देवलांनी व्याख्यान दिलं नाही. लग्नाचा दलाल भद्रेश्वर दीक्षित, लोभी बाप, हतबल आई, नटलेला म्हातारा, असे चार खरे लोक उभे केले आणि मुलीला बोलू दिलं.

त्या जागी निवेदनात एक वाक्य नवीन घातलं: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या जवळपास 22 टक्के स्त्रियांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं आढळलं. निवेदिका हे वाक्य आवाज न चढवता म्हणेल आणि लगेच प्रवेश सुरू होईल. एका सदस्यांचं म्हणणं होतं की करमणुकीच्या कार्यक्रमात आकडे नकोत. मला ते पटलं नाही. हे नाटक ज्यासाठी लिहिलं ते अजून संपलेलं नसेल, तर त्याचा कार्यक्रम करताना तेवढं सांगणं देवलांचंच काम पुढं नेणं आहे.

11 ऑक्टोबर

एका प्रायोजकाची अट आली: झुंझाररावचा प्रवेश काढा, त्या जागी तीन लोकप्रिय पदं घाला, मग रक्कम देतो. बैठकीत पाच मिनिटांत नकार ठरला. खर्च पुन्हा मांडला: वेशभूषा भाड्यानं आणायची ती कमी केली, नऊवारी घरांतूनच जमतील, पार प्लायवूडचा, दोन भागांत, म्हणजे टेम्पोत मावेल. तिकीट थोडं वाढवावं लागेल.

27 ऑक्टोबर

दिवाळीनंतर सगळे जमले. संशयकल्लोळ आणि झुंझारराव एकाच दिवशी पाठोपाठ बसवले आणि कार्यक्रमाला कणा मिळाला.

ऑथेल्लोत एक रुमाल असतो. फाल्गुनरावात एक तसबीर. रस्त्यात रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, खिडकीतून कृत्तिका बघते आणि जळते. रेवतीच्या हातून पडलेली आश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते, ती न्याहाळत असताना फाल्गुनराव बघतो आणि जळतो. बायकोच्या हातात परक्याची वस्तू किंवा परक्याच्या हातात बायकोची वस्तू: यंत्र एकच. झुंझारराव 1890, फाल्गुनराव 1893. तीन वर्षांच्या अंतरानं तोच माणूस तेच यंत्र उलट बाजूनं चालवून दाखवतो. एकात बायकोचा, कमळजेचा, जीव जातो, दुसऱ्यात घरात भांडी आदळतात आणि शेवटी सगळे हसून मोकळे होतात. 

म्हणून आमचा झुंझारराव आणि आमचा फाल्गुनराव एकच नट करणार. आधी दोन वेगळे होते. ज्याच्याकडून झुंझारराव काढून घेतला त्याला जाधवराव दिला आणि तो उलट खूश आहे, कारण संशय पेरणाऱ्याचं काम मोठं. शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी झुंझारराव करायचे, संशयकल्लोळात गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव गाजला. दोन वेगळ्या घराण्यांचे नट. आम्ही त्या दोन भूमिका एका अंगात बसवतोय, तेव्हा मधे मध्यंतर असणं बरं. नटाला पगडी बदलायला आणि पाठ सरळ करायला वेळ हवा.

तसबिरीच्या प्रवेशात पद नाही. गद्याची गती अशी की घड्याळ लावून बसवावी लागते. कृत्तिकेनं खिडकीतून बघायचा क्षण आणि फाल्गुनरावानं रेवतीचा हात धरायचा क्षण यांत अर्ध्या श्वासाचं अंतर; जास्त झालं की हशा जातो. आज बराच वेळ फक्त तेवढंच केलं.

5 नोव्हेंबर

रंगभूमी दिन. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं त्याची आठवण. गावातले कार्यक्रम संपवून रात्री तालीम. प्रमाणपत्र आलं.

शेवट कसा करायचा हे आज पक्कं झालं. देवल 14 जून 1916 ला गेले आणि पदांसह संशयकल्लोळ गंधर्व मंडळीनं रंगमंचावर आणलं ते त्याच वर्षी, ते गेल्यावर. आपल्या रेवतीला, बालगंधर्वांना, त्यांनी या पदांत बघितलंच नाही. अनेकांचं म्हणणं की शेवटी तसबीर, हार, मंद प्रकाश आणि भैरवी. मी म्हटलं, त्यांच्या निधनाचं वाक्य संशयकल्लोळाच्या आधी येईल, आणि निवेदिकेचं बोलणं संपायच्या आत फाल्गुनराव भादव्याच्या नावानं ओरडत आत येईल. शेवटचं पद ‘हृदयी धरा हा बोध खरा’. सगळे कलाकार, झुंझाररावमधलेसुद्धा, पारावर.

12 नोव्हेंबर

रंगीत तालीम भावे नाट्यमंदिरात. पार मागच्या दारातून आत आला. तीन ठिकाणी माइकची जागा बदलली. ऑर्गन डाव्या बाजूला, नटाला दिसेल असा, कारण काकांची नजर आणि नटाचा श्वास जुळायला हवा. वेळ दोन तास अडतीस मिनिटं. मृच्छकटिकातलं ‘रजनिनाथ हा नभी उगवला’ ठेवलं, दुसरं पद काढलं. त्या गायिकेनं काहीही न बोलता मान्य केलं आणि विंगेत प्रॉपर्टी सांभाळायला उभी राहिली. तिचे आभार इथं लिहून ठेवते.

13 नोव्हेंबर

प्रयोग झाला. नाट्यगृह वरच्या काही रांगा सोडता भरलं.

झुंझाररावच्या प्रवेशात सुरुवातीला चुळबूळ होती, पाचव्या-सहाव्या मिनिटाला थांबली, आणि पडदा पडला तेव्हा टाळ्या यायला क्षणभर उशीर लागला. नक्षत्रांच्या नावांना हशा. तसबिरीला त्याहून मोठा.

‘मूर्तिमंत भीती’ संपल्यावर मागच्या रांगेतून वन्समोअर आला, मग आणखी दोघांचा. मुलगी हलली नाही. मान खाली, हात मांडीवर, आणि काकांनी सूर सोडून दिला. आई करणारी नटी ठरल्याप्रमाणे आत आली, पुढचं वाक्य म्हणाली. वन्समोअर देणाऱ्यांचं प्रेम खरंच आहे, त्यांच्या आज्यांनी हे पद ऐकलेलं असतं. पण त्या जागी दुसऱ्यांदा गायची वेळ शारदेवर येऊ नये, एवढं मला हवं होतं आणि ते झालं.

नंतर ग्रीनरूममध्ये एक आजी आल्या, नव्वदीच्या असतील. शारदेचा हात धरून म्हणाल्या, “माझं तेराव्या वर्षी झालं गं.” एवढंच. मुलीनं त्यांना वाकून नमस्कार केला.

16 नोव्हेंबर

हिशेब: तिकीट, देणग्या आणि खर्च जेमतेम जुळले, ऑर्गनच्या दुरुस्तीचे पैसे पुढच्या प्रयोगातून.

पुढच्या प्रयोगासाठी बदल. पहिला, बेळगावचं निवेदन दीड मिनिटानं कापायचं, तिथं लोक घड्याळ बघत होते. दुसरा, दिंडीच्या वेळी तबला पूर्ण बंद. नुसत्या तंबोऱ्यावर ती जास्त बोलते. तिसरा, शारदेच्या मैत्रिणींना एक दिवस वेगळी तालीम, फेर अजून सैल आहे.

हरिपूरकरांचं बोलावणं आलंय, देवळाजवळच्या मोकळ्या जागेत करा म्हणून. तिथं विंगा नाहीत, प्रकाश जेमतेम, आणि माइक वाऱ्यानं फुरफुरेल. पार मात्र आपला न्यायला नको. जानेवारीत ठरवू, पाणी कमी असतं. बेळगावकरांकडेही विचारणा करायची आहे. देवल तिथं शिकले, तेव्हा तिकडे एक प्रयोग व्हायलाच हवा. शनिवारी काकांच्या घरी बैठक, सगळ्यांनी तारखा घेऊन यावं.